नॉर्मल डिलिव्हरीतले टाके आणि भूल: कुठली सुई कुठं आणि कशासाठी

डिलिव्हरीचा फोन आला की आपल्याकडं पहिला प्रश्न मुलगा का मुलगी आणि दुसरा नॉर्मल का सिझर. नॉर्मल म्हटलं की घरचे सुटले, पेढ्यांचं बघायला लागतात. आता त्या नॉर्मलमध्ये खालची जागा कापलेली असू दे, फाटलेली असू दे, चिमटा लावलेला असू दे, नायतर बाळामागनं पडणारी वार अडकली म्हणून आत हात घालून काढलेली असू दे, पाहुण्यांच्या लेखी ती नॉर्मलच. सिझरला भूल देतात हे शेंबड्या पोराला पण माहितीय, पण नॉर्मलमधल्या या बारक्या ऑपरेशनांना काय देतात, देतात तरी का, हे त्या बाईला टेबलावर झोपेपर्यंत कुणी सांगितलेलं नसतं.

मी स्टाफ नर्स म्हणून लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढलीयत, शहरात पण आणि तालुक्याला पण, त्यामुळं टाके घालताना दात-ओठ खाऊन गप्प पडलेल्या बायका पण बघितल्यात आणि गप्पा मारत टाके घालून घेतलेल्या पण. दोघींच्यात फरक सोसण्याचा नव्हता. एकीची जागा नीट बधिर केली होती आणि दुसरीची नव्हती, बस. ते औषध महाग नाही, लांबनं मागवायला लागत नाही, दातवाला दाढ काढताना देतो तेच. ते टोचायचं, थोडं थांबायचं, बधिर झालंय का तपासायचं आणि मगच सुई-दोरा हातात घ्यायचा. या तीन गोष्टींतली मधली, थांबायची, तीच गर्दीच्या दिवशी गळते.

आधी बारकी ऑपरेशनं म्हणजे कुठली ते बघू. बाळाचं डोकं बाहेर येताना जागा अपुरी पडली तर तिरका छेद घेतात, त्याला आम्ही एपिसिओटॉमी, बोलताना नुसतं एपी म्हणतो. छेद न घेता आपोआप फाटलं तर त्याच्या चार पायऱ्या असतात: पहिली नुसती कातडी, दुसरी आतला स्नायू, तिसरी शीच्या जागेभोवतीचा आवळून धरणारा स्नायू, आणि चौथी त्याच्याही आत आतड्याच्या अस्तरापर्यंत. बहुतेक बायकांचं पहिल्या-दुसऱ्यावरच भागतं. मग चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ ओढून घेणं, गर्भपिशवीच्या तोंडाला चीर गेली तर ती शिवणं, आणि वार अडकली तर हातानं काढणं. एपीबद्दल एक सांगून ठेवते, ती सरसकट प्रत्येकीला घेऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट म्हणते, पहिलटकरीण आहे म्हणजे कापायचंच असा नियम नाही. आपल्याकडं ती सवय अजून पूर्ण गेलेली नाही. ते असो, तो वेगळा वाद आहे.

दुखतंय कुठल्या तारेतनं

कुठली भूल कशाला चालते हे समजायला एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, खालच्या जागेचं दुखणं आणि पिशवीचं दुखणं वेगवेगळ्या नसांतनं वर जातं. कळा म्हणजे पिशवीचं आवळणं, ते दुखणं पाठीच्या कण्यात बऱ्यापैकी वर, बरगड्या संपतात तिथल्या आणि कमरेच्या सुरुवातीच्या मणक्यांपाशी शिरतं. खालची जागा, म्हणजे योनीचा खालचा भाग, शीची जागा आणि मधली कातडी, याचं दुखणं प्युडेंडल नावाच्या नसेतनं जातं आणि ती निघते एकदम खाली, माकडहाडाच्या जवळनं. म्हणून टाक्यांच्या जागी दिलेली सुई कळांना काहीसुद्धा करत नाही, आणि "सिस्टर, सुई दिली तरी पोट दुखतंयच की ओ" असं जे ऐकू येतं त्यात सुईची चूक नसते.

आपल्या घरातल्या लाइटीसारखंच आहे बघा. टाक्यांच्या जागी टोचलं म्हणजे एका खोलीचं बटण बंद केलं. प्युडेंडल नसेपाशी टोचलं म्हणजे घराचं मेन स्वीच पाडलं. आणि कमरेतनं दिलं म्हणजे गल्लीच्या डीपीवरच लाइट घालवली, आता ज्याच्या त्याच्या घरात अंधार, पाय पण उचलत नाहीत. काम एका खोलीचं असलं तर डीपीला हात कशाला लावा, आणि काम अख्ख्या घराचं असलं तर एक बटण बंद करून भागणार नाही.

जागेवर बधिर करणं

औषधाचं नाव लिग्नोकेन, बोलताना सगळे झायलोकेन म्हणतात. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं आणि आजपर्यंत त्याच्याइतकं कामाला येणारं दुसरं आलं नाही म्हटलं तरी चालेल. नसेला सिग्नल पुढं ढकलायला सोडियम आत घ्यावं लागतं, हे औषध ती वाटच अडवतं, त्यामुळं दुखण्याचा निरोप वर जातच नाही. ते शुद्ध घालवत नाही, बाळ बाहेर आलेलं असेल तर तुम्ही त्याला छातीशी धरून पडू शकता आणि खाली टाके चालू असतात.

देतात कसं, तर एकाच जागी भसकन नाही. एक फेर आतल्या नाजूक पडद्याखाली, एक बाहेरच्या कातडीखाली आणि एक खोल स्नायूत. टोचताना दरवेळी सिरिंजचा दट्ट्या थोडा मागं ओढून रक्त येतंय का बघायचं, कारण हे औषध शिरेत गेलं तर झटके येऊ शकतात. पहिली सुई चुणचुणते, ते खरंय, पण ती काही सेकंदाची गोष्ट.

आता थांबायचं. पुस्तकात दोन मिनिटं लिहिलंय. दोन मिनिटांनी चिमट्यानं जागा धरून बघायची, बाईला चिमटा कळला तर आणखी दोन मिनिटं थांबायचं आणि परत बघायचं. लेबर रूममध्ये दोन मिनिटं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. शेजारच्या टेबलावर दुसरीचं डोकं दिसायला लागलेलं असतं, बाहेर कुणाचं तरी सलाईन संपलेलं असतं, बाळाचं वजन घ्यायचं असतं, कागद भरायचे असतात, आणि या सगळ्यात घड्याळाकडं बघत हात बांधून उभं राहायचं. माझ्या एका सीनिअर सिस्टरांनी यावर साधा उपाय काढलेला, सुई दिली की त्या नाळेचा चिमटा, बाळाच्या हातातला टॅग, कापूस, दोरा सगळं त्याच वेळात मांडायच्या, म्हणजे हात पण रिकामे नाहीत आणि औषधाला पण वेळ मिळतो. मग चिमटा लावून बाईला विचारायच्या, "काय गं, टोचतंय का नुसतं धरल्यागत वाटतंय?"

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. लिग्नोकेननं टोचणं, कापणं, जळजळणं जातं, पण ओढल्याचं, दाबल्याचं, कुणीतरी काहीतरी करतंय याचं कळणं जात नाही. त्यामुळं दोरा ओढल्यावर ताण जाणवला तर घाबरू नका, ते चालायचंच. पण सुई आत शिरताना टोचली, चटका बसल्यागत झालं, तर तोंड उघडून सांगायचं. "टोचतंय" एवढा एक शब्द पुरे. आणखी थोडं औषध देता येतं, त्याला मर्यादा आहे पण एपीला जेवढं लागतं त्याच्यापेक्षा ती बरीच वर असते.

मर्यादेचं गणित सांगते, कारण "जास्त देता येत नाही" असं ऐकवलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत साध्या लिग्नोकेनला वजनाच्या किलोमागं ४ मिलिग्रॅम ही वरची हद्द आहे, काही ठिकाणी ३ धरतात. ५० किलोच्या बाईला ४ च्या हिशोबानं २०० मिलिग्रॅम. आता आपल्याकडं येणारी बाटली बहुतेक २ टक्क्यांची, म्हणजे एका मिलीत २० मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलीत हद्द संपली. पण तेच औषध सलाईनमध्ये पातळ करून अर्ध्या टक्क्याचं केलं तर तेवढ्याच मिलिग्रॅमात ४० मिली होतं आणि सगळी फाटलेली जागा निवांत भिजते. खालच्या जागेला अर्धा ते एक टक्का पुरतं. म्हणजे "औषध संपलं" आणि "औषध पुरलं" यातला फरक कित्येकदा नुसता पातळ करण्याचा असतो. मापात दिलं तर धोका फार कमी, पण ओठ बधिर झाले, तोंडात लोखंडासारखी चव आली, कानात गुंई आवाज यायला लागला तर लगेच सांगायचं, ही जास्त झाल्याची पहिली खूण आहे.

असर पाऊण-एक तास टिकतो. अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेलं दिलं तर जास्त. टाके लांबले, मध्येच डॉक्टरांना दुसऱ्या पेशंटला पळायला लागलं, परत येईपर्यंत असर उतरला असं होतं, तेव्हा परत द्यायला लागतं आणि बाईनं ते मागण्यात लाजायचं काही कारण नाही.

एक जुनी समजूत आहे, मी स्वतः कितीदा ऐकलीय: कळ आली की जागा एवढी ताणलेली असते की कापलेलं कळत नाही, मग सुई कशाला वाया घालवा. ताणलेली कातडी थोडी बधिर होते हे खोटं नाही. पण कापणं एका क्षणाचं असतं आणि शिवणं वीस-पंचवीस मिनिटांचं, आणि बाळ बाहेर आल्यावर तो ताण गेलेला असतो. कापताना कळलं नाही म्हणून शिवताना पण कळणार नाही हे कुठल्या शाळेत शिकवतात देव जाणे. त्यामुळं छेद घ्यायची शक्यता दिसायला लागली की आधीच औषध देऊन ठेवायचं, म्हणजे कापायला पण लागू पडतं आणि शिवायच्या वेळी नुसती थोडी भर घालायला लागते.

आणि "एवढं बाळ काढलंस, आता दोन टाक्यांना काय रडतीयास" हे वाक्य. चिडून नाही, मायेनंच म्हणतात कित्येकदा, आत्त्या म्हणते, मावशी म्हणते, आमच्यातल्या सिस्टर पण म्हणतात. पण कळा सोसल्या म्हणून पुढचं दुखणं फुकटात मिळावं असा काही हिशोब नसतो.

अ‍ॅलर्जीचं पण बोलते. खरी लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी फार क्वचित. दातवाल्याकडं सुई दिल्यावर छातीत धडधडलं, हात थरथरले, असं काही जणी सांगतात, ते बहुतेक वेळा त्यातल्या अ‍ॅड्रेनॅलिनमुळं किंवा भीतीनं. पण अंगावर पित्त उठलं होतं, दम लागला होता, चेहरा सुजला होता, तर नाव नोंदवतानाच सांगा, फाइलवर लाल शाईनं लिहून घ्या.

प्युडेंडल, म्हणजे मेन स्वीच

चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा असेल तर नुसत्या एका जागी बधिर करून भागत नाही, आख्खी खालची जागा शांत करायला लागते. तेव्हा डॉक्टर आतनं बोटानं एक हाडाचा टोकदार भाग चाचपतात, त्याच्या मागनं ती प्युडेंडल नस जाते, आणि तिथं लांब सुईनं दोन्ही बाजूंना औषध सोडतात. भूलतज्ज्ञ लागत नाही, प्रसूतीचे डॉक्टर स्वतः देतात, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ही पद्धत सोन्यासारखी आहे आणि तरी ती कमी वापरली जाते असं माझं मत. अडचण एवढीच की कधी एका बाजूला लागू पडतं आणि दुसरीला नाही, मग तिथं वरनं साधं लिग्नोकेन टोचून भर घालतात. कळा चालूच राहतात, ते वर सांगितलंच.

कमरेतली सुई

तिसऱ्या-चौथ्या पायरीचं फाटलं की लेबर रूममध्ये शिवत बसायचं नसतं, थिएटरला न्यायचं. कारण दुखणं एवढंच नाही. शीची जागा आवळणारा तो स्नायू कायम ताणात असतो, तुटला की त्याची दोन्ही टोकं आत सरकून बसतात, आणि तो पूर्ण सैल पडल्याशिवाय ती टोकं ओढून एकमेकांवर नीट बसत नाहीत. जागेवरच्या सुईनं तो तसा सैल पडत नाही, कमरेतल्या सुईनं पडतो. हे टाके कच्चे बसले तर बाईला पुढं वारा-शी धरून ठेवायला त्रास होतो आणि ती आयुष्यभर कुणाला सांगत नाही. म्हणून तालुक्यातनं, समजा गगनबावडा नायतर शाहूवाडीकडनं, रात्री पेशंट सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं आणि घरचे "बाळ तर झालंय की, आता कशाला कोल्हापूर" म्हणून कुरकुरले तर त्यांना हे सांगा. बाळ झालंय, पण तिथं भुलीचे डॉक्टर आणि थिएटर मिळेल म्हणून पाठवलंय. निघायच्या आधी जखमेत घडी दाबून रक्त थांबवलेलं असतं, पाठवण्यात टाळाटाळ नाही.

कमरेतल्या सुईचे दोन प्रकार. स्पायनल म्हणजे एकदाच टोचून मणक्याभोवतीच्या पाण्यात औषध, पाच-दहा मिनिटांत असर, दीड-दोन तास टिकतो. यात एक हुशारीची गोष्ट आहे. औषधात साखर मिसळून ते त्या पाण्यापेक्षा जड केलेलं असतं, म्हणून ते जिकडं उतार तिकडं जातं. टोचल्यावर बाईला काही मिनिटं तसंच बसवून ठेवलं तर औषध खाली उतरतं आणि फक्त बसायची जागा बधिर होते, पायांत जोर बऱ्यापैकी राहतो, याला सॅडल ब्लॉक म्हणतात. टाक्यांना एवढंच पाहिजे असतं.

दुसरा एपिड्युरल. त्यात मणक्यातल्या त्या पाण्याच्या पिशवीच्या बाहेर बारीक नळी ठेवून देतात आणि लागेल तसं औषध सोडतात. कळांसाठी आधीच ती नळी बसवलेली असेल तर टाक्यांना, चिमट्याला, वार काढायला वेगळी सुई कशालाच लागत नाही, त्याच नळीतनं जास्तीचा डोस द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. इथं पण तेच, थांबायचं आणि तपासायचं. एपिड्युरल आहे म्हणजे बधिर असणारच असं गृहीत धरून सुई घातली आणि बाई ओरडली असं होऊ शकतं, कारण कळांपुरता दिलेला हलका डोस वरच्या नसांना पुरतो पण खालच्यांना कधीकधी पुरत नाही.

कमरेतल्या सुईनं जन्मभर पाठ दुखते हे आपल्याकडं घरोघरी पक्कं बसलंय. टोचलेल्या जागी चार-आठ दिवस दुखतं, ते खरं. पण वर्षानुवर्षांची पाठदुखी गरोदरपणात सैल झालेल्या सांध्यांची, वाकून बाळ उचलण्याची, उशीविना मान खाली घालून पाजण्याची असते, सुई न घेतलेल्या बायकांना पण ती असतेच. खरा त्रास वेगळा आहे, उठून बसलं की डोकं फुटतंय असं दुखायचं आणि झोपलं की थांबायचं. पातळ सुईनं दिलेल्या स्पायनलला तो कमी, एपिड्युरलला चुकून पाण्याची पिशवी टोचली गेली तर होतो, साधारण शंभरात एखादीला. त्याला उपाय आहे, भुलीच्या डॉक्टरांना कळवायचं, घरी बसून बाम चोळायचा नाही. बीपी पण खाली येतं, त्यासाठी सलाईन चालू असतं. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या-इंजेक्शन चालू असतील किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर कमरेतनं देत नाहीत, मग दुसरा मार्ग.

वार अडकली तर

बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार पडली नाही तर ती अडकली असं धरतात, रक्त जास्त जात असेल तर तेवढं पण थांबत नाहीत. हातानं काढायची म्हणजे हात पार पिशवीत जातो. इथं ती नसांची गोष्ट परत आठवा, हे पिशवीचं दुखणं, त्यामुळं खालच्या सुया, प्युडेंडल सुद्धा, काही कामाच्या नाहीत. नळी आधीच असेल तर एपिड्युरल, नायतर स्पायनल, आणि ती सुद्धा नाभीच्या वरपर्यंत चढलेली पाहिजे.

पण रक्त खूप गेलेलं असेल, बीपी खाली असेल तर स्पायनल ते आणखी खाली नेईल. मग पूर्ण भूल देतात किंवा केटामाइन. केटामाइननं बीपी टिकतं, श्वास बहुतेक चालू राहतो, आणि बाई नंतर विचित्र स्वप्नं पडल्याचं सांगते, बडबडते, रडते. नातेवाईक घाबरतात, बाधा झाली म्हणतात. औषध उतरलं की जातं ते. पूर्ण भूल शेवटी ठेवायचं कारण पोट. कळांच्या वेळी पोट हळू रिकामं होतं, घरनं येताना आग्रहानं खाऊ घातलेलं तसंच असतं, आणि बेशुद्धीत ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. हा धोका १९४६ पासून पुस्तकात आहे. म्हणून शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते खरं सांगा, अर्धा ग्लास दूध सुद्धा.

पिशवीच्या तोंडाची चीर ही जरा मधली गोष्ट. त्या तोंडाला कापल्या-शिवल्याचं तेवढं कळत नाही, त्यामुळं लहान चिरेला कित्येकदा वेगळी भूल लागत नाही, पण बघायला जी अवजारं लावतात ती दुखतात. चीर वरपर्यंत गेली असेल तर थिएटर.

गॅस आणि झोपेची सुई

नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मं-निम्मं मिसळलेला गॅस असतो, मास्क बाईनं स्वतःच्या हातात धरायचा, दोन-चार श्वासात गुंगी, मास्क काढला की दोन-चार श्वासात उतरते. सुई टोचून घेताना किंवा छोट्या टाक्याला चांगला, एकट्याच्या जीवावर मोठ्या टाक्याला नाही. आपल्याकडं सगळीकडं नसतो, विचारून बघायचं. मास्क नातेवाइकांनी तोंडावर दाबून धरायचा नाही, हे मुद्दाम लिहितेय, कारण मदत म्हणून कुणीतरी ते करतंच.

ट्रॅमाडॉल, पेथिडिन या दंडात नायतर कुल्ल्यावर द्यायच्या सुयांनी बाई गुंगते, काहींना उलटी होते. कळांना थोडा उतारा पडतो. पण गुंगलेली बाई आणि बधिर झालेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नुसती झोपेची सुई देऊन टाके घातले तर तिला दुखतंच, फक्त ती नीट बोलू शकत नाही. बाळ व्हायच्या दोन-चार तास आधी दिली असेल तर बाळ सुस्त असू शकतं, श्वासाला मदत लागू शकते, म्हणून कधी दिली ती वेळ फाइलवर पाहिजे.

असर उतरल्यावर

घरी खरी अडचण इथनं सुरू. असर उतरायच्या आधीच पहिली गोळी पोटात गेलेली बरी, दुखायला लागल्यावर पळापळ करण्यापेक्षा. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही अंगावर पाजताना चालतात, दुधातनं बाळाला जाईल म्हणून सासूबाईंनी बंद करायच्या नाहीत. डायक्लोफेनॅकची शीच्या जागेतनं ठेवायची गोळी टाक्यांच्या दुखण्याला फार चांगली, डॉक्टर टाके संपल्यावर तिथंच ठेवतात. दमा, पोटात अल्सर, किडनीचा त्रास, बीपी वाढलेलं असेल तर आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक आधी विचारून. कोडीन असलेली गोळी पाजताना नको.

पहिला दिवस थंड शेक, बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, नंतर उठायचं. आपल्याकडं उलटं चालतं, घरी आल्या आल्या खाटेखाली शेगडी. ताज्या टाक्यांना ती धग नको, आणि बधिरपणा पूर्ण गेला नसेल तर भाजलेलं कळणार पण नाही. कोमट पाण्याच्या टबात बसायचं ते दुसऱ्या दिवसापासनं. पाणी कमी द्यायची पद्धत पण सोडा, पाणी कमी, वरनं डिंकाचे लाडू आणि हळीव, मग शी घट्ट होते आणि टाक्यांची सगळी शिक्षा तिथं मिळते. पांढरा रस्सा चालेल का असं एकीच्या आईनं मला विचारलेलं, चालेल की, पण त्याबरोबर तांब्याभर पाणी आणि भाजी पण द्या म्हटलं.

कमरेतली सुई घेतली असेल तर पहिल्यांदा एकटीनं उठायचं नाही, पाय आले असं वाटतं आणि संडासाच्या दारात गुडघे वाकतात. लघवीचं पण बघायचं, बधिरपणात भरल्याचं कळत नाही, चार-सहा तासांत झाली नाही तर सांगायचं.

आणि हे अजिबात अंगावर काढायचं नाही: गोळी घेऊन पण दुखणं तासातासाला वाढतंय, एका बाजूला फुगल्यागत, शीला जोर आल्यागत दाब वाटतोय. टाक्यांच्या आत रक्त साठून गाठ होते तेव्हा असं होतं आणि बाहेरनं काही दिसत नाही. "टाके म्हटल्यावर दुखणारच" म्हणून परत झोपवलेली बाई सकाळी पांढरीफटक पडलेली मी बघितलीय. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर ताप, घाण वास, पू आला तरी दवाखाना.

आधी काय विचारून ठेवायचं

टेबलावर विचारायला सुचत नाही, म्हणून सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारा. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडनं तपासणी असते, तिथं विचारा, नायतर तुमच्या आशाताईला सोबत घ्या. टाके लागले तर आधी बधिर करून तपासणार ना, भुलीचे डॉक्टर इथंच असतात का बोलवायला लागतात, रात्री बोलवले तर किती वेळात येतात, जास्त फाटलं तर कुठं पाठवणार. राजारामपुरीतल्या खासगी दवाखान्यात जाणार असाल तर एपिड्युरलचा खर्च पॅकेजमध्ये आहे का वेगळा तेही आत्ताच. सरकारीत बाळंतपण, औषधं, नेणं-आणणं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे, टाक्यांच्या सुईची चिठ्ठी बाहेरनं आणायला लावली तर त्याबद्दल शांतपणे विचारता येतं.

सोबतीला एक बाई आत थांबू शकते, सरकारीत पण त्याला परवानगी आहे, आणि ती अशी निवडा जी "सोस थोडं" म्हणणार नाही, "सिस्टर, तिला टोचतंय, थांबा जरा" म्हणेल. आई चांगलीच, पण काही आया मुलीचं रडणं बघून स्वतःच चक्कर येऊन पडतात, मग आम्हाला दोन पेशंट. मोठी वहिनी, आत्त्या, कुणीही बोलकी चालेल.

मागच्या वेळी तिसऱ्या पायरीचं फाटलं असेल, सुई देऊन पण बधिर झालं नसेल, कमरेतल्या सुईनंतर डोकं धरलं असेल, तर यावेळी नाव घालतानाच तो जुना कागद दाखवा. कागद हरवला असला तर तोंडी सांगा आणि नव्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, शेवटच्या पानावर लिहिलेलं रात्री दोन वाजता कुणी वाचत नाही.